बांधाला पाठ

पावसाळा सरला की मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवावी लागते. चिखल नुसता वाळू दिला तर भेगा पडतात, आणि भेगा पडल्या की खारं पाणी खाली मुरतं, वर मीठ धरत नाही. म्हणून ओल आहे तोवर ओळीनं उभं राहायचं, आधी टाच मग चवडा दाबायचा आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोगलगायीच्या चालीनं सरकायचं. आमच्या घरात हे काम आबांइतकं, म्हणजे माझ्या वडिलांइतकं, चांगलं कुणाला जमत नाही. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण त्यांनी तुडवलेला वाफा फरशीसारखा होतो. माझा धाकटा भाऊ तुडवतो तेव्हा म्हशी पाणी पिऊन गेल्यासारखं दिसतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

त्या वर्षी तुडवणी चालू असतानाच नोटीस आली. मोटारसायकलवरचा माणूस खाली उतरलासुद्धा नाही. हात लांब करून त्यानं तो कागद झोपडीच्या दारावर चिकटवला आणि पुढच्या मिठागराकडे गेला. खाडीकाठची सगळी आगरं एका मोठ्या कंपनीला द्यायचं ठरलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळाच्या साली ज्यांचं घर ज्या आगरावर राबत होतं, आणि तसा सरकारी कागद ज्यांच्याकडे असेल, त्यांचं आगर त्यांच्याकडे राहणार होतं. बाकीच्यांनी हंगाम संपला की बिऱ्हाड उचलायचं.

मी मोठ्या गावात राहते. माझं शिवणाचं दुकान आहे, शाळेचे गणवेश शिवते. घरात काही वाचायचं असलं, सही करायची असली किंवा कुणाशी भांडायचं असलं की मला निरोप येतो. मी पोचले तेव्हा आबा चिखलाच्या पायांनी ओट्यावर बसले होते आणि धाकटा येरझाऱ्या घालत होता. त्याची बायको आत चुलीशी होती, आणि त्यांची चिमी माझ्या पिशवीत काय आहे ते बघत होती.

"एवढं काय घाबरायचं?" आबा म्हणाले. "माझा आजा त्या वादळात याच बांधावर गेला. अख्ख्या खाडीला ठाऊक आहे."

"अख्खी खाडी कागद नाही देत, आबा," धाकटा म्हणाला.

"मग ताई आणेल. मेलेल्या माणसाची नोंद सरकारात असतेच की. जिवंत माणसाची नसेल एक वेळ."

आबांच्या आजोबांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. भरतीच्या वेळी बांधाला कुठं छिद्र पडलं तर ते घटकाभरात माणूस जाईल एवढं होतं. माती आणेपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून एकानं खाडीच्या अंगाला उतरून छिद्रावर पाठ टेकून बसायचं आणि दुसऱ्यानं मातीसाठी धावायचं. याला आमच्याकडे पाठ लावणं म्हणतात. पाठ लावलेल्यानं माती येईपर्यंत उठायचं नाही, कारण तो उठला तर पाणी दुप्पट जोरानं घुसतं आणि बांधच घेऊन जातं. आबांचे आजोबा असेच पाठ लावून बसले आणि बांध वाचवून मेले, असं आबांच्या आजीनं आबांच्या वडिलांना सांगितलं होतं. वादळाच्या वेळी आबांचे वडील अंगावर पीत होते. आई सांगेल तोच त्यांचा बाप.

दुसऱ्या घरांत लहान पोरांची पाठ लावतात. छिद्र लहान असलं की लहान पाठ बरी बसते. आमच्या घरात मात्र पोराला बांधाखाली उतरू द्यायचं नाही, असा आबांच्या वडिलांपासूनचा दंडक. का, ते कुणी विचारलं नाही. आम्हाला शेजारची पोरं लोण्याचे गोळे म्हणून चिडवायची आणि मला त्याचा फार राग यायचा.

आबांना घेऊन मी जुन्या कागदांच्या दफ्तरात गेले. तिथला कारकून नाकावर रुमाल बांधून बसला होता, कारण धुळीनं त्याला शिंका यायच्या. आबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि तेल लावून केस चापून बसवले होते. नाव, बापाचं नाव आणि धंदा सांगून झाल्यावर कारकुनानं मृत्यूंचं रजिस्टर काढलं आणि आमच्यासमोर उघडलं. आबा पुढं झुकले आणि त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"हात काढा, हात काढा," कारकून ओरडला.

मिठात राबणाऱ्याच्या हाताला कायम ओल असते. कितीही पुसा, भेगांत शिरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पानावर बोटाएवढा ओला डाग उमटला होता. कारकुनानं त्यावर टीपकागद दाबला आणि आबांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं. आबा गेले आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मला कारकुनाच्या नाकावरचा रुमाल ओढून काढावासा वाटला, पण काम आमचं होतं.

त्यानं वादळाच्या सालाची सगळी पानं पाहिली, मागचं साल पाहिलं, पुढचं पाहिलं.

"तुमचे आजोबा मेलेच नाहीत," तो मोठ्यानं मागच्या बाकाकडे बघत म्हणाला.

"काय म्हणाला?" आबांनी मला विचारलं.

"नोंद नाही म्हणतात."

"अहो, बांधावर गेले ते. सगळ्यांनी बघितलं."

"सगळ्यांनी बघितलं आणि एकानंही येऊन लिहवलं नाही," कारकून म्हणाला. "माणसं मरतात तेव्हा सांगत नाहीत आणि नातवंडं मग माझ्या नावानं खडे फोडतात. मी काय माझ्या मनानं मारू तुमच्या आजोबांना?"

त्याला ही मोठी गंमत वाटली. परत येताना आबा गाडीत आपले तळवे सदऱ्याला पुसत राहिले. उतरताना एवढंच म्हणाले, "माझा हात कोरडा होता गं. मी पुसला होता."

पुढचे दिवस मी तिकडेच राहिले. वाफे तयार होत आले होते, पहिलं पाणी घ्यायचं होतं. पहाटे ओहोटीला बांधाची दारं साफ करायची, भरतीला पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरवायचं, आणि ऊन चढलं की लांब दांड्याच्या फळीनं तळ सारखा करायचा. भावजय आणि मी फळी ओढायचो. शिवणकामानं माझे हात मऊ पडले होते, पहिल्याच दिवशी फोड आले आणि त्यांत खारं पाणी गेलं. भावजय हसली. "ताई, कापड बरं बाई तुमचं. चावत तरी नाही." ती स्वतः पायाला फडकी गुंडाळून उभी होती, कारण तिच्या टाचेची भेग हाडापर्यंत गेली होती.

धाकट्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारच्या आगरवाल्याला कागद मिळाला होता. त्याच्या पणजोबावर वादळाच्या साली मीठचोरीचा खटला झाला होता आणि त्यात आगराचा उल्लेख होता. तो येता-जाता आमच्या बांधावर थांबायचा. "आमच्या म्हाताऱ्यानं चोरी केली म्हणून निभावलं," तो म्हणायचा. "तुमचा फार सज्जन निघाला."

धाकटा त्याच्यावर धावून गेला. मी त्याला कंबरेला धरून मागं ओढलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच दफ्तरात गेले.

या वेळी मी कारकुनाला वाकून नमस्कार केला. त्याच्या मुलीच्या गणवेशाची बाही उसवली होती, ती कुणी शिवून देत नव्हतं, हे बोलता बोलता निघालं. मी शिवून देते म्हटल्यावर तो विरघळला आणि त्यानं मला रजिस्टरं घेऊन खिडकीशी बसू दिलं. आम्ही मेलेला कर्ता पुरुष शोधत होतो, म्हणून कारकुनानं फक्त मोठी माणसं पाहिली होती. मी पहिल्या ओळीपासून सगळे मेलेले वाचत गेले. त्या वादळात फार मेले होते. सगळ्यांत जास्त लहान मुलं होती, आणि ती वाचताना बोट पुढं सरकेना.

पान उलटलं आणि आबांच्या आजोबांचं नाव दिसलं. त्यांचं, त्यांच्या बापाचं, धंदा मीठ, जागा आमचंच आगर, खाडीच्या वळणावरचं. मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ते नाव बापाच्या रकान्यात आहे. मेली होती त्यांची मुलगी. वय वर्षे नऊ. कारण, बांधाच्या मातीखाली गुदमरून.

आबांच्या वडिलांना बहीण होती, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

नोंदीपुढं चौकशीचा नंबर होता. कारकून माडीवर जाऊन धुळीनं माखून आला, आठदहा शिंका दिल्या आणि त्यानं एक पातळ फाइल माझ्यापुढं ठेवली. आत फौजदारानं घेतलेला जबाब होता, आबांच्या आजोबांचा. मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत उभा राहून बोलत होता.

"भरती चढत होती. बांधाला छिद्र पडलं. ते लहान होतं, माझी पाठ नीट बसेना. थोरलीला म्हटलं, तू बस. ती बसली. मी मातीला गेलो. वाटेत बांध दुसरीकडे वाहायला लागला होता. ते भोक मोठं होतं, म्हणून ते आधी बुजवलं. थोरलीचं पाणी तेव्हा छातीपर्यंत असेल. मला वाटलं, जास्त झालं तर उठेल. परत आलो तर वरची माती तिच्या अंगावर बसली होती. बांध फुटला नव्हता. ती उठली नव्हती. उठायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं."

खाली फौजदारानं विचारलं होतं, मुलीनं हाक मारली का? "मारली असेल. वारा होता."

त्याखाली अंगठा होता. मी ते एकदा वाचलं आणि मला पुढचं दिसेना. कारकून रुमाल सोडून समोर बसला होता. तो म्हणाला, "बाई, पाणी घ्या." मी घेतलं. त्याच्यावरचा माझा राग तिथंच कुठंतरी गेला.

"पण मग हे स्वतः गेले कुठं?" तो म्हणाला. आता त्यालाच चैन पडेना. वादळाच्या सालची मजुरांची यादी नव्हतीच, आणि पुढच्या सालापासूनच्या यादीत आमच्या आगरावर आबांच्या आजीचं एकटीचं नाव होतं. त्यानं आणखी दोन दिवस घेतले आणि लांबच्या शहरातल्या धर्मादाय दवाखान्याची एक नोंद काढली. नाव तेच, बापाचं नाव तेच, धंदा मीठ. आबांचे आजोबा तिथं म्हातारे होऊन वारले होते. जवळचे नातेवाईक या रकान्यात त्यांनी सांगितलेलं कुणीतरी लिहून घेतलं होतं. एक मुलगी.

त्या साली आबांचे वडील चांगले हातीपायी धडधाकट होते. आमच्याच आगरावर फळी ओढत होते आणि आपल्या शूर बापाची गोष्ट सांगत होते. त्यांचा बाप मात्र तिकडे खाटेवर पडून मेलेल्या मुलीला धरून बसला होता आणि जिवंत मुलाला विसरला होता. मला त्याची कीव आली आणि त्याचा संतापही आला. दोन्ही एकदम येतं, त्याला मी काय करू?

कागदांच्या नकला घेऊन मी आगरावर आले तेव्हा आबा लांबच्या वाफ्यात होते. मी धाकट्याला आधी सांगितलं. तो फळी हातात धरून ऐकत होता.

"म्हणजे सरकारी कागद आहे," तो म्हणाला. "आपल्या आगराचा, वादळाच्या सालचा. शिक्क्यासकट."

"आहे."

"सुटलो म्हण की." आणि मग त्याला काय बोललो ते कळलं. त्यानं मान खाली घातली आणि उगाच फळीच्या कडेवरचा चिखल नखानं काढत राहिला. "तसं नाही गं ताई," तो म्हणाला.

"कळलं मला," मी म्हणाले.

आबांना मी जेवणानंतर सांगितलं. ते ओट्यावर बसून टाचांच्या भेगांत मेण भरत होते. मी जबाब वाचला, अगदी सपाट आवाजात, शाळेतलं पोर वाचतं तसा. वाचून झाल्यावर ते बराच वेळ तेच बोट त्याच भेगेत फिरवत राहिले.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"बापाला बहीण होती," ते म्हणाले.

"हो."

"आजी एका शब्दानं बोलली नाही कधी. मी तिच्या कुशीत झोपायचो." मग म्हणाले, "आणि तो शहरात गेला?"

मी दवाखान्याचा कागद दाखवणार नव्हते. पण त्यांनी माझ्या हातातला दुसरा कागद बघितला होता आणि खोटं बोलायला मला वेळ मिळाला नाही. तेही वाचलं. एक मुलगी, हे ऐकल्यावर आबांनी मेणाची वाटी खाली ठेवली.

"माझा बाप जन्मभर त्याच्या नावानं ऊर भरून बोलला," ते म्हणाले. "कुणी काही म्हटलं तर अंगावर जायचा. त्यानं माझ्या बापाला धरलंच नाही?"

भावजय दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती. चिमी अंगणातून धावत आली आणि आबांच्या पुढ्यात पाठ करून बसली. तिला वेणी घालून हवी होती, ते काम आबांचं. आबांनी वेणीला हात लावला नाही. त्यांनी आपला पंजा पसरून तिच्या पाठीवर ठेवला. अंगठा एका खांद्यावर आणि करंगळी जवळजवळ दुसऱ्या खांद्यावर गेली.

"एवढीच," ते म्हणाले.

"ओलं लागतंय, आबा," चिमी म्हणाली.

त्यांनी हात काढून घेतला. मग धाकट्याकडे बघून म्हणाले, "हा कागद ऑफिसात द्यायचा नाही."

"आबा."

"एकदा तिला बसवून आगर वाचवलं. आता परत तिलाच बसवायची? तिच्या मरणाच्या चिठ्ठीवर आपण मीठ पिकवायचं?"

"मग मी कशावर पिकवू?" धाकट्याचा आवाज चढला. "मला दुसरं काय येतं? पायांनी चिखल तुडवतो म्हणून सांगत जाऊ दारोदार? ही पोर आहे, पोटात दुसरं आहे. ती गेली ती गेली आबा. शंभर वर्षं झाली."

"मला आज कळलं," आबा म्हणाले.

धाकटा ओट्यावरून उतरून निघून गेला. भावजयीच्या पोटात दुसरं आहे, हेही आम्हाला तेव्हाच कळलं, आणि आनंद करायला कुणाला जागा नव्हती.

अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. धाकटा आबांशी बोलेना. आबा कुणाशीच बोलेनात. मी दुकान बंद ठेवून दोघांच्या मध्ये बसले होते आणि गिऱ्हाइकं शिव्या घालत असणार. खरं सांगायचं तर मला धाकट्याचं पटत होतं. आणि आबांकडे बघितलं की त्यांचंही पटत होतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी मोठी भरती होती. दुपारी पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत आलं. धाकटा बांधाच्या दारापाशी होता. वळणाच्या आतल्या बाजूला वाफ्यात पाणी बुडबुडायला लागलेलं मी बघितलं आणि ओरडले. खेकड्याच्या बिळातून बांध वाहायला लागला होता. धाकटा टोपली घेऊन मातीकडे पळाला आणि आबा कुणी काही म्हणायच्या आत खाडीच्या अंगाला उतरले. त्यांनी पाण्यात हात घालून छिद्र चाचपलं, वळले आणि पाठ टेकून बसले. आतलं बुडबुडणं थांबलं.

असं ते आयुष्यभर करत आले होते, म्हणून मी निर्धास्त होते. मीही टोपल्या भरायला लागले. आम्ही आतल्या बाजूनं माती दाबली, लाकडी बडवणीनं ठोकली. पाणी आबांच्या पोटावरून छातीवर आलं. धाकटा बांधावर चढून म्हणाला, "झालं. उठा आबा."

आबा उठले नाहीत.

"आबा, झालं म्हणतोय."

त्यांनी दोन्ही हात चिखलात रोवले आणि नेट लावला. मानेच्या शिरा वर आल्या. बूड जागचं हललं नाही. वळणावर भरतीचा रेटा सगळा बांधावर असतो, तो माणसाला मागं दाबून धरतो, आणि पायाखालचा चिखल टाचा आत ओढून घेतो. तरण्या माणसाला ते जाणवत नाही. आबांनी पुन्हा नेट लावला. लाट तोंडावरून गेली तेव्हा ते खोकले आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. आम्ही दोघं खाली उतरलो, एकेक बगल धरली आणि ओढलं. चिखलातून पाय सुटताना मोठा आवाज झाला आणि आम्ही तिघं बांधावर येऊन पडलो.

आबा उताणे पडून धापा टाकत होते. सदरा पाठीवर फाटला होता. धाकटा घाबरून त्यांचे तळवे चोळत होता, कालपरवाचं भांडण त्याच्या तोंडावर कुठं नव्हतं.

"उठता येत नाही," आबा म्हणाले.

"पडून राहा थोडं."

"तसं नाही. तिला म्हणतो मी." त्यांनी माझं मनगट धरलं. "तो म्हणतो, ती उठली नाही. शिकवलं होतं म्हणून उठली नाही. जन्मभर तो तेच धरून बसला. अगं, तिला उठताच आलं नसेल. नऊ वर्षांची पोर. ती उठायला बघत असेल. मी बघत होतो ना आत्ता, तशी."

ते तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिले. पाणी अजून चढतच होतं.

"मला ओढायला तुम्ही दोघं होता," ते म्हणाले. मग उठून बसत, "उद्या जाऊ ऑफिसात. ती आपली होती, हे कुठंतरी लिहिलं जाऊ दे. कागद मी देतो. माझ्या हातानं."

ऑफिसात रांग होती. आगरवाले कुणाकुणाचे जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभे होते. आबांनी आमचा कागद माझ्या दुकानातल्या कोऱ्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळला होता, हाताची ओल लागू नये म्हणून. धाकटा त्यांच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला होते. आबांना कालपासून खोकला लागला होता.

साहेब तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं अस्तर उलगडलं, नोंद वाचली, जबाब वाचायला घेतला आणि निम्म्यावर सोडून दिला. शिक्का उजेडात धरून बघितला.

"चांगला कागद आहे," तो म्हणाला. "जागा लिहिलेली आहे, साल बरोबर आहे. असे कागद फार थोड्यांकडे निघाले. तुमचं आगर जात नाही."

माझ्या शेजारी धाकट्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मागं रांगेतलं कुणीतरी म्हणालं, नशीबवान आहेत.

साहेबानं अर्ज पुढं ओढला आणि पेन उघडलं. "मयताशी अर्जदाराचं नातं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"आत्या," ते म्हणाले.

साहेबानं कागदाकडे बघितलं, मग आबांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "बाबा, ही मयत नऊ वर्षांची मुलगी आहे."

"हो," आबा म्हणाले. "माझी आत्या. थोरली."

साहेबानं लिहिलं. आबा टेबलाच्या कडेला धरून उभे होते, आणि तसेच उभ्या उभ्या, सगळ्या रांगेसमोर, रडायला लागले. आजच सकाळी घरातलं कुणी गेलं असावं आणि इथं ते कुणाला माहीत नसावं, तसे ते रडत होते. धाकट्यानं त्यांना सावरायला हात पुढं केला. आबांनी तो धरला आणि म्हणाले, "हाक मारली असेल रे तिनं."